एकाच रेडिओचे तीन कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

परवा कोजागरीला न्यू जर्सीतल्या एडिसन गावी एका मित्राकडे जमलो होतो, दूध आटत होतं, चंद्र ढगात, आणि तेवढ्यात एका वहिनींनी विचारलंच. "तुमच्या म्युझियमला मुलांना घेऊन गेलो होतो हो, मुलांना ते कट्ट-कडकट्ट फार आवडलं, पण एक सांगा, तो हिरवट रेडिओ, एकाच मॉडेलचे तीन-तीन का मांडलेत? एक ठेवा की, बाकीचे विका, जागा तरी होईल." माझी बायको लगेच, "मी वीस वर्षं घरातल्या सामानाबद्दल हेच विचारतेय." सगळे हसले, तेवढ्यात चंद्र बाहेर आला आणि माझं उत्तर राहिलं ते राहिलंच. हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतो, येणारे लोक विचारतात, आमचा खजिनदार तर प्रत्येक मीटिंगला विचारतो, म्हणून आता एकदाच नीट लिहून टाकतो.

आधी आमचं म्युझियम म्हणजे काय ते. न्यू जर्सीत एका जुन्या इमारतीच्या तळघरात तीन खोल्या, एक सतत घरघरणारा डिह्युमिडिफायर, आणि शनिवारी येणारे आम्ही नऊ-दहा जण, त्यातले बहुतेक सत्तरीच्या पुढचे, पगार कोणालाच नाही, कॉफीसुद्धा आपापली. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली जी मतं आहेत ती माझी आहेत, कमिटीची नाहीत, आणि कमिटीत काय चालतं ते मंडळाच्या कमिटीत बसलेल्यांना वेगळं सांगायला नको. मोठं बघायचं असेल तर आमच्याकडे येऊच नका, पाऊण तासावर वॉल टाउनशिपला इन्फोएज म्युझियम आहे, कॅम्प इव्हान्स म्हणून लष्कराची जुनी जागा, तीसुद्धा स्वयंसेवकच चालवतात. तिथूनच १० जानेवारी १९४६ ला चंद्राकडे रडारची लहर सोडली आणि अडीच सेकंदांनी तिचा प्रतिध्वनी पकडला, प्रोजेक्ट डायना. त्या टीमचा प्रमुख जॉन डेविट हा स्वतः हॅम होता, म्हणजे लायसन्स काढून हौसेने रेडिओवरून बोलणारा. कोजागरीला सांगण्यासारखी गोष्ट खरं म्हणजे ही होती, पण दूध आलं.

आमच्याकडे एवढं मोठं काही घडलेलं नाही. आमच्याकडे आहेत ती हॅम लोकांची यंत्रं आणि त्यातही किटं. किट म्हणजे कंपनी तुम्हाला रेडिओ देत नाही, खोका देते. खोक्यात पत्रा, स्क्रू, वायर, पुड्यांमध्ये रेझिस्टर, कंडेन्सर, व्हॉल्व्ह (इथे ट्यूब म्हणतात, पण मी व्हॉल्व्हच म्हणणार), आणि एक जाडजूड पुस्तक. रेडिओ तुम्ही करायचा.

यातलं सगळ्यात मोठं नाव हीथकिट, मिशिगनमधल्या बेंटन हार्बरचं. ही कंपनी मुळात विमानांची, खरंच, एड हीथ नावाचा माणूस पॅरासोल नावाचं छोटं विमान किट म्हणून विकायचा, घरी बसून विमान जोडा आणि उडवा, आपल्याकडे सायकल पंप करताना सुद्धा दहा जण सल्ला द्यायला येतात आणि हे विमान जोडत होते. हीथ १९३१ ला विमानाची चाचणी घेतानाच गेला. १९३५ मध्ये हॉवर्ड अँथनीने दिवाळखोरीतली कंपनी विकत घेतली. मग युद्ध संपलं, लष्कराने जमवलेला इलेक्ट्रॉनिक माल कवडीमोलाने बाजारात आला, अँथनीने त्यातल्या पाच इंची पिक्चर ट्यूब घेतल्या आणि त्यांच्याभोवती १९४७ मध्ये ऑसिलोस्कोपचं, म्हणजे विजेची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचं, किट बसवलं, किंमत साडेएकोणचाळीस डॉलर, जेव्हा तयार ऑसिलोस्कोप साध्या दुरुस्तीवाल्याला स्वप्नातही परवडत नव्हता. तुफान चाललं. पुढे हॅम ट्रान्समीटर, ट्रान्सीव्हर (पाठवणं आणि ऐकणं एकाच डब्यात), टीव्ही, कॉम्प्युटर, १९८२ मध्ये तर चक्क रोबो. अँथनी १९५४ मध्ये गेला, तोही विमान अपघातातच.

पण मला खरं सांगायचंय ते पुस्तकाबद्दल. हीथकिटचं मॅन्युअल ज्याने हातात घेतलं नाही त्याला तीन रेडिओंचं कारण कळणार नाही. प्रत्येक पायरीआधी एक रिकामा कंस. काम झालं की त्यात टिक करायची. आणि प्रत्येक जोडाच्या पुढे खूण, "एनएस" म्हणजे आत्ता सोल्डर मारू नकोस, इथे अजून वायर यायची आहे, किंवा "एस-२" म्हणजे आता मार, दोन वायर असल्या पाहिजेत, मोजून बघ. किती साधी गोष्ट आहे बघा, पण त्या आकड्यामुळे माणूस चुकला तर पुढच्याच पायरीला कळतं, कारण एस-३ लिहिलंय आणि आपल्याला दोनच वायर दिसतायत, म्हणजे मागे कुठेतरी टिक खोटी आहे. "आम्ही तुम्हाला नापास होऊ देणार नाही" अशी त्यांची जाहिरातच होती. मी नोकरीत सॉफ्टवेअरची डॉक्युमेंटेशन्स लिहितो, पंचवीस वर्षं झाली, इतकं चांगलं एक पान माझ्याकडून अजून झालेलं नाही.

आणि टिक करणारे सगळे काही पोरंटोरं किंवा रेडिओ मेकॅनिक नव्हते. सिनेटर बॅरी गोल्डवॉटर, १९६४ चे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार, कॉल साइन, म्हणजे हॅमचं हवेवरचं नाव, के७यूजीए, हे हीथकिटचे पक्के भक्त. (आणि हो, आपल्याकडे कोणी मोठा माणूस हॅम होता का, हा दुसरा नेहमीचा प्रश्न, तर राजीव गांधी होते, व्हीयू२आरजी, त्याचंही उत्तर देऊन टाकलं.)

आता ते तीन रेडिओ. मॉडेल एचडब्ल्यू-१०१, १९७० ला आलं, ऐंशी मीटरपासून दहा मीटरपर्यंतच्या लहरींचे हॅम बँड, बोलणं आणि मोर्स दोन्ही, आत वीसेक व्हॉल्व्ह. बाहेरून तिन्ही एकच. म्हणून आम्ही झाकणं काढून ठेवलीत आणि खाली आरसा लावलाय, कारण खरी गंमत चॅसीच्या, म्हणजे सगळं ज्यावर बसवतात त्या पत्र्याच्या, खाली आहे, पण आरशात वाकून बघायला लोकांना संकोच वाटतो, मुलं मात्र बरोब्बर बघतात.

पहिला रेडिओ बघितला की वाटतं कुठल्यातरी शिस्तीच्या माणसाने केलाय. वायर वळतात त्या काटकोनात. रेझिस्टरचे रंगाचे पट्टे सगळे एकाच बाजूने वाचता येतात, सोल्डरचा प्रत्येक जोड चकचकीत, ज्वारीच्या दाण्याएवढा. त्यात मला रस नाही, खरं सांगतो. त्याच्याकडे बघून फक्त स्वतःची लाज वाटते.

दुसऱ्यात सोल्डर म्हणजे कढईत बुंदी पाडल्यासारखा. दोन ठिकाणी सोल्डर मारायची इस्त्री लागून वायरचं आवरण जळलेलं, एका ठिकाणी व्हॉल्व्हच्या सॉकेटवर सोल्डर ओघळून शेजारच्या पिनला टेकतो-टेकत नाही असा. आणि सगळ्या चॅसीवर जोडांभोवती हिरवी बुरशी. ती बुरशी नाही, गंज आहे. या गड्याने नळ जोडायचं, अॅसिड असलेलं सोल्डर वापरलं. मॅन्युअलमध्ये हीथने ठणकावून लिहिलंय की असलं सोल्डर वापरलंत तर आम्ही किटाला हातही लावणार नाही, पण बहुधा गॅरेजमध्ये होतं तेच घेतलं, कोण दुकानात जातो रात्री. अॅसिडने पन्नास वर्षं शांतपणे तांबं खाल्लं. हा चालत नाही, चालणारही नाही. खजिनदार म्हणतो हा तरी टाका. मी म्हणतो हाच एक ठेवा, बाकीचे टाका, पण ते मी नुसतं चिडवायला म्हणतो.

तिसऱ्याची गोष्ट जरा लांब आहे. तीन वर्षांपूर्वी एक ऐंशीच्या आसपासच्या बाई घेऊन आल्या, जावयाच्या गाडीतून, रेडिओ, त्याचा वेगळा पॉवर सप्लाय, मॅन्युअल, सगळं टॉवेलमध्ये गुंडाळून. त्यांचा भाऊ हॅम होता, वारला होता. आम्ही फॉर्म भरून घेतो, वस्तू काय, साल काय, कोणाची. मी भावाचं नाव लिहिलं, त्याचं कॉल साइन लिहिलं. बाई बसून राहिल्या. मग म्हणाल्या, मॅन्युअल उघडा. उघडलं. जवळजवळ प्रत्येक कंसात दोन टिका, एक पेन्सिलची, एक निळ्या पेनाची. मला वाटलं पुन्हा तपासलं असेल, बरेच जण तसं करायचे. बाई म्हणाल्या, पेन त्याचं, पेन्सिल माझी. तो वाचायचा, मी सोल्डर मारायचे. त्याचा हात थरथरायचा. बाहेर कोणाला सांगितलं नाही, तेव्हा कोण सांगणार, रेडिओ त्याच्या टेबलावर होता आणि हवेवर आवाज त्याचा होता. एका पानावर पेन्सिलने समासात लिहिलंय, "हे उद्या, स्वयंपाक आहे", आणि त्या पायरीला फक्त निळी टीक आहे, म्हणजे भावाने वाचून टीक मारली आणि बाई उठून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी केलं असणार पण पेन्सिल राहून गेली. मी तो जोड शोधला. पक्का आहे. हा रेडिओ चालतो, शनिवारी दुपारी आम्ही चाळीस मीटरवर लावतो तो हाच.

पहिल्यांदा चालू करताना मात्र तंतरली होती, कारण आत आठशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि जुने इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळलेले. थेट प्लगमध्ये घातलं तर धूर. ते आधी बदलले, मग व्हेरियाक, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर, लावून शून्यापासून हळूहळू व्होल्टेज चढवलं, एक हात खिशात, हा आमच्यातला जुना नियम, उघड्या यंत्रात एकच हात घालायचा म्हणजे करंट छातीतून जायला वाट मिळत नाही. आणि बंद केल्यावरही लगेच हात घालायचा नाही, कंडेन्सर चार्ज धरून बसतात, काठीला लावलेल्या वायरने आधी ते अर्थला टेकवायचे.

त्या बाईंनी मागितलं एकच, पाटीवर दोन नावं. तोवर आमच्या पाट्यांवर कंपनी, मॉडेल, साल एवढंच असायचं. मी मीटिंगमध्ये म्हटलं की प्रत्येक किटाच्या पाटीवर "जोडणारा कोण" अशी ओळ टाकूया, माहीत नसेल तर "माहीत नाही" लिहूया. यावर दीड तास चर्चा झाली. दीड तास! एक जण म्हणाला म्युझियम इतिहासासाठी असतं, कौटुंबिक आठवणींसाठी नाही. मी म्हटलं बाबा रे, फॅक्टरीतून आलेला रेडिओ असेल तर एकच पुरे, दुसरा तस्साच असणार. पण किट फॅक्टरीतून अर्धंच येतं. उरलेलं अर्धं कोणाच्यातरी जेवणाच्या टेबलावर होतं, आणि ते दर वेळी निराळं. एकच ठेवलंत तर तुम्ही फक्त हीथ कंपनी ठेवलीत. ओळ मंजूर झाली, चारास पाच मतांनी.

हे सगळं मी तावातावाने का बोलतो त्याचं कारण जुनं आहे. १९८४, मी नववीत, पुणे. तपकीर गल्लीतून मिडियम वेव्ह रेडिओचं किट आणलं होतं, किट म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत सामान आणि झेरॉक्सचा एक पुसट कागद. बीएफ १९४, एसी १२७, एसी १२८ हे ट्रान्झिस्टर, फेराइट रॉड, स्टेशन लावायचा गँग, आणि चार छोट्या चौकोनी पत्र्याच्या डब्या ज्यांच्या डोक्यावर रंग असतो, लाल ऑसिलेटरची, आणि पिवळी, पांढरी, काळी आयएफटी, म्हणजे हवं ते स्टेशन गाळून घेणारे छोटे ट्रान्सफॉर्मर. कंस नाहीत, टिका नाहीत, एनएस नाही, "आम्ही नापास होऊ देणार नाही" वगैरे तर नाहीच. वडील कागद वाचत होते, मी सोल्डर मारत होतो, रात्री अकराला दिवा घालवा म्हणून आई ओरडत होती. सेल घातले, आणि रेडिओने शिट्टी मारली. नुसती शिट्टी, कुकरसारखी. दोन दिवस सगळे जोड परत गरम केले, ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, असेल म्हणून, शिट्टी कायम.

मग तो तसाच पिशवीत घालून परत दुकानात नेला. दुकानदार गिऱ्हाइकं सांभाळत एका डोळ्याने बोर्डाकडे बघत होता, आणि म्हणाला, "पिवळी नि काळी उलट बसवलीस की रे." बस्स. कागदाच्या झेरॉक्समध्ये दोन्ही काळ्याच दिसत होत्या हे मी सांगितलं, तर म्हणाला, "मग विचारायचं." स्वतःची इस्त्री काढली, दोन्ही उपसून बदलून लावल्या, प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने गाभे थोडे फिरवले, आणि तिथेच काउंटरवर ७९२ किलोहर्ट्झला पुणे केंद्र लागलं, शेतकऱ्यांसाठी काहीतरी चाललं होतं, कांद्यावरची कीड. पैसे घेतले नाहीत. वडिलांनी देऊ केले तर म्हणाला, पुढचं किट इथूनच घ्या.

पुढचं घेतलं, त्याच्या पुढचंही. हॅमची परीक्षा मी पुण्यातच दिली, पास झालो आणि लायसन्सचा कागद एका ऑफिसात इतका काळ अडकला की तोवर मी अमेरिकेत पोचलो होतो, तो विषय सोडा, अजून डोकं फिरतं. इथे कॉल साइन मिळाल्यावर पहिला रेडिओ मी विकत घेतला नाही, बिटएक्स केला. हा हैदराबादच्या अशहर फरहान, व्हीयू२ईएसई, यांनी २००३ मध्ये काढलेला ट्रान्सीव्हर, आणि त्यातलं डोकं बघा. अमेरिकन सर्किटात कॉइलसाठी टोरॉइड लागतात, फेराइटची कडी, ती आपल्याकडे सहज मिळत नाहीत, तर यांनी कॉइल गुंडाळायला नळाचे वायसर वापरले. नळाचे वायसर! ते मी भावाला सांगून पुण्याहून मागवले, त्याने फोनवर विचारलं, तिकडे नळ गळतायत का. नंतर त्याच घराण्यातले बिटएक्स४० आणि मायक्रोबिटएक्स तयार बोर्डाच्या रूपात हैदराबादहून जगभर गेले, आणि त्यांच्या कॉइल तिथल्या बायकांच्या गटाने हाताने गुंडाळलेल्या. आमच्या म्युझियममध्ये माझा बिटएक्स त्या तिघांच्या शेजारी ठेवलाय, उघडा, वायसर दिसतील असा. त्याची पाटी वाचून अमेरिकन लोक हमखास हसतात, मग गप्प होतात, मग मोबाईल काढून फोटो घेतात.

हीथकिटचा किटांचा धंदा १९९२ मध्ये बंद पडला. कारण अगदी साधं. जोपर्यंत रेडिओ माणसं हाताने जोडत होती तोपर्यंत ती मजुरी वाचत होती म्हणून किट स्वस्त पडायचं. चिपा आल्या, बोर्ड मशीन भरायला लागलं, आणि तयार वस्तू किटापेक्षा स्वस्त झाली. म्हणून "आता तर तयारच स्वस्त मिळतं की" असं जेव्हा लोक म्हणतात तेव्हा मी वाद घालत नाही, बरोबरच आहे ते.

असो. आता या वर्षीचं. पुण्याचं घर रिकामं करायचं होतं, भावाने व्हॉट्सअॅपवर एकामागून एक फोटो पाठवले, प्रत्येकाखाली "भंगारात?" बंब, भंगारात. आईचं शिलाई मशीन, नाही रे. आणि एका फोटोत तो रेडिओ, सनमायकाच्या डब्यात, मागचं झाकण नाही. मी लिहिलं थांब. एका मैत्रिणीच्या बॅगेत चकलीची भाजणी आणि मेतकुटाच्या मधोमध तो इकडे आला, एअरपोर्टवर बॅग उघडली गेली ती बहुधा त्याच्यामुळे, पण अडवलं नाही.

शनिवारी नेला. कंडेन्सर दोन बदलले, सेल घातले, शिट्टी नाही. ७१० वर न्यूयॉर्कचं स्टेशन लागलं, आवाज थोडा नाकातला. दोन आयएफटींचे जोड बघितले तर बाकीच्यांपेक्षा वेगळे आहेत, लहान, गोल, एका दमात मारलेले. बाकी सगळे माझे, बुंदी.

कमिटी म्हणाली ठेवूया, सहा महिने, बिटएक्सच्या शेजारी. मग पाटी लिहायला बसलो. कंपनी, नाही. मॉडेल, नाही. साल, १९८४. जोडणारा कोण. माझं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, आणि पेन थांबलं, कारण त्या माणसाचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. दुकान आठवतं, काउंटरवरची हिरवी इस्त्री आठवते, नाव नाही. भावाला फोन केला, तो म्हणाला तिथे आता मोबाईल कव्हरांचं दुकान आहे, त्यांना काही माहीत नाही. शेवटी लिहिलं, "आणि तपकीर गल्ली, पुणे, येथील एक दुकानदार (दोन आयएफटी)."

खजिनदार चष्मा वर करून वाचत होता. म्हणाला, हे तपकीर गल्ली नाव नीट कसं म्हणायचं ते खाली लिही, लोक विचारतील.